पाखऱ्याचा बॅकअप

माझ्या हातून आयुष्यात फार मोठी कामं झाली नाहीत, पण एका गोऱ्ह्याचं पुरुषत्व मी वाचवलं आहे. हे वाक्य मी चारचौघांत टाकलं की सून मान खाली घालते आणि नात खिदळते. खरं तर ‘वाचवलं’ म्हणणंही आगाऊपणाचंच. ते आधी धोक्यात घातलं होतं मीच, आणि तेही देवाचं नाव घेऊन.

माणसांची नावं मी इथे घेणार नाही. सगळी अजून आसपासच राहतात, बाजारात भेटतात, आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त बोलता येतं. गुरांची घेते. ती वाचणार नाहीत.

तेव्हा मी पंचेचाळिशीला टेकले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आष्टीला गवळाऊ गाई पाळणाऱ्यांची एक छोटीशी संस्था होती, तिच्या एका खोलीच्या ऑफिसात मी कारकून. गवळाऊ म्हणजे आमच्या भागाची स्वतःची गाय. पांढरीफटक, उंच, सडसडीत. तिचा बैल गाडीला जुंपला की हाकणाऱ्याच्या हातातला चाबूक नुसता शोभेला. ही जात पुसट होत चालली म्हणून संस्थेने प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला मारला होता आणि कोण कोणाची लेक, कोण कोणाचा बाप, कोणी किती दूध दिलं, हे लिहून ठेवायचं काम चालवलं होतं. आधी ते कार्डांवर होतं. मग कम्प्युटर आला.

तो बसवून दिला वर्ध्याच्या एका तरुण इंजिनीयरने. त्याच्या आजोळी गवळाऊ गाई होत्या, त्या मायेपोटी तो फुकट राबत होता. बसने यायचा, दिवसभर बसायचा, माझ्या डब्यातली भाकरी खायचा. त्याने गाईंचा डेटाबेस बांधला. एका तक्त्यात गाई, दुसऱ्यात मालक, तिसऱ्यात दूध, आणि सगळे नंबरांनी एकमेकांना बांधलेले. गाईच्या ओळीत तिच्या आईचा नंबर असायचा, तो नंबर धरून गेलं की त्याच तक्त्यात आईची ओळ सापडायची, तिथून आजीची. मला हे लगेच कळलं. आमच्या घरी लग्नात बायका असंच करतात, अमकीची ती, तमकीची ती, आणि शेवटी सगळे एकाच पाटलाचे निघतात.

कळलं तेवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. मी वर्ध्याला सहा महिन्यांचा कम्प्युटरचा कोर्स केला होता. त्यात आम्हाला चित्रांवर टिचक्या मारायला शिकवलं होतं. इंजिनीयरने मात्र चित्रं बाजूला सारली आणि काळा पडदा उघडला. त्यावर नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत होती. म्हणाला, “काकू, बॅकअपचं काम इथंच करायचं. इथं एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, झालं.”

मला ‘काकू’ आवडलं नाही. ‘मॅडम’ म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. काळा पडदा मात्र मला इतका आवडला की विचारू नका. त्यावर टाइप करताना मी टीव्हीवरच्या बातम्यांतल्या शास्त्रज्ञासारखी दिसते, असं माझं प्रामाणिक मत होतं. ऑफिसात कोणी आलं की मी मुद्दाम तो उघडायची. काम काही नसलं तरी फाइलींची यादी दाखवायची आज्ञा द्यायची. अक्षरं भराभरा वर सरकायची, आणि गाय नोंदवायला आलेला माणूस टोपी काढून बसायचा. मी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, “थांबा जरा, सिस्टीम चालू आहे.” सिस्टीम काही चालू नसायची, मीच चालू होते.

पहिल्या दिवशी पासवर्डने माझी खोड मोडली. पासवर्ड टाइप करू लागले तर पडद्यावर काही उमटेना. मी कीबोर्ड उलटा करून आपटला. त्यातून साबुदाणा आणि एक मुंगी पडली. इंजिनीयर शांतपणे म्हणाला की पासवर्ड दिसत नसतोच, दिसला तर पासवर्ड कसला. मी म्हटलं, मला माहीतच होतं, मी कीबोर्ड साफ करून राह्यली.

मग त्याने बाण शिकवले. सगळी विद्या त्या बाणांत होती. डेटाबेसमधला सगळा माल बाहेर काढणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिहायचं, मग आपलं नाव, मग डेटाबेसचं नाव, मग > असा बाण आणि शेवटी फाइलचं नाव. बाणाचं टोक फाइलीकडे. म्हणजे माल फाइलीत ओतला. हा बॅकअप. उलट करायचं तर दुसरा प्रोग्राम आणि < असा बाण. फाइलीतला माल परत डेटाबेसमध्ये. मी म्हटलं, नरसाळं आहे म्हणा ना. रॉकेल कॅनमधून बाटलीत की बाटलीतून कॅनमध्ये, एवढंच. तो खूश झाला. मग एक बोट वर करून म्हणाला, “फक्त एक, काकू. सरळ बाणापुढं जी फाइल येईल, ती आधी रिकामी होते, मग भरते. परत भरताना बाण चुकला तर बाटलीच रिकामी होऊन जाईल.”

“मी काही कुक्कुलं बाळ नाही,” मी म्हटलं.

जाताना त्याने आणखी एक सांगितलं. महिन्यातून एकदा हा बॅकअप दुसऱ्या कुठल्या कम्प्युटरवर परत भरून पाहा, भरतो का ते कळेल. मी मान हलवली. दुसरा कम्प्युटर तालुक्यात होता मोजक्याच ठिकाणी, आणि तिथे जाऊन विनंती करायची म्हणजे माझ्या मानाला धक्का. शिवाय माझा विचार असा होता की लोणचं बरणीत भरलं की भरलं, रोज उघडून कोण चाखतं?

उलट माझा विश्वास इतका वाढला की जुनी कार्डं मी रद्दीत घातली. ऑफिस एकदम मोकळं झालं, मी कुंड्या आणल्या. पुढे बरेच दिवस आष्टीच्या आठवडी बाजारात फुटाण्याच्या पुड्यांवर गाईंच्या तीन-तीन पिढ्या दिसायच्या. एकदा मला माझ्याच अक्षरात ‘हरणी, शिंगं मागे वळलेली, स्वभाव शांत’ असं वाचायला मिळालं आणि खाली खारे दाणे. मला हसू आलं होतं. कम्प्युटर असताना कागद लागतो कोणाला?

आता देवाचं सांगते. आमच्या घरी कोऱ्या कागदावर वरती मधोमध ‘श्री’ लिहिल्याशिवाय काही लिहीत नाहीत. किराण्याची यादी असो, परीक्षेचा पेपर असो. माझे वडील पोस्टकार्डावर जागा कमी पडली तर मजकूर कमी करत, श्री नाही. आणि इथे मी गाईंचं, म्हणजे साक्षात गोमातेचं सगळं खानदान रोज एका फाइलीत भरत होते आणि वर श्री नाही. मला ते खुपायला लागलं.

इंजिनीयरने रोजच्या ओळी एका छोट्या फाइलीत लिहून दिल्या होत्या, म्हणजे मला फक्त तिचं नाव टाइप करावं लागे. ती फाइल मी उघडली आणि सगळ्यात वर एक ओळ घातली: बॅकअपच्या फाइलीत आधी इंग्रजी अक्षरांत ‘श्री’ लिही, दोन्ही बाजूंनी दोन-दोन उभे दंड. पहिल्या दिवशी श्री दिसेना. कारण पुढच्या ओळीतला बाण फाइल रिकामी करून मग भरत होता, श्रीसकट. तेव्हा मी इंजिनीयरला फोन करून मोठ्या साळसूदपणे विचारलं की आधीचं राखून त्याच्या पुढे लिहायचं असेल तर काय करतात? त्याने सांगितलं, दोन बाण जोडून द्यायचे. आणि वर म्हणाला, काकू, तुम्ही फार पुढं जाल. मी दोन बाण दिले. श्री वर राहिला, गाई खाली आल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं प्रोग्रामिंग. मी स्वतःसाठी पेढा आणून खाल्ला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बॅकअप. तो पेनड्राइव्हवर घ्यायची आणि पेनड्राइव्ह दोऱ्यात ओवून गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी. बायका विचारायच्या, कोणत्या बाबाचा ताईत हाय वं? मी नुसती हसायची. पेनड्राइव्हवर माझी भजनं आणि भाच्याच्या लग्नाचे फोटोही असल्याने जागा कमी पडायची, म्हणून शेवटचे दोन बॅकअप ठेवून बाकीचे पुसायची. भजन मात्र एकही पुसलं नाही.

अशी दोनेक वर्षं गेली आणि पाखऱ्या दोन दाती, म्हणजे जुंपण्याच्या वयाचा झाला.

पाखऱ्या हा हरणीचा नातू, मैनेचा मुलगा. आष्टीजवळच्या एका खेड्यातल्या बाईने त्याला वाढवलं होतं. ती माझ्याच वयाची, शेतकऱ्याघरची, आणि अतिशय कमी बोलणारी. गाई तिच्या आणि तिच्या जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, सामाईक होत्या, म्हणजे धारा तिने काढायच्या आणि निर्णय जेठाने घ्यायचे. जेठाचा एक बैल म्हातारा होऊन गेला होता, जोडी फुटली होती. त्यांना पिकातली डवरणी सुरू व्हायच्या आत पाखऱ्याला जोडीला घालायचं होतं, आणि त्यासाठी आधी खच्ची करायचं होतं. वळूला कोणी औताला जुंपत नाही.

बाईचं म्हणणं दुसरं होतं. हरणीची माय तिने माहेराहून आणली होती. त्या वंशवेलीत आता गाई उरल्या नव्हत्या. मैनाही गेल्या पावसाळ्यात सापाने गेली. उरला हा एकटा. तो बैल झाला की वेल तिथेच संपली. पण तो वळू म्हणून निवडला गेला तर आसपासच्या गावांत त्याची वासरं होतील. उन्हं तापायला लागली त्या सुमाराला जनावरांचे डॉक्टर वळू निवडायला आष्टीला येणार होते. अट एकच: तीन पिढ्यांची नोंद संस्थेकडून छापून पाहिजे.

ती जेठाला घेऊन माझ्याकडे आली. जेठ खुर्चीवर, ती दारात. जेठ म्हणाले की डॉक्टरनं घेतला तर ठीक, नाई घेतला तर त्याच दिवशी खच्ची करणारा माणूस बोलावला आहे. त्या माणसाला दुसऱ्या गावाहून यावं लागतं, दोनदा कोण बोलावते. मी खुर्चीत मागे रेलले, पेनड्राइव्हवर हात ठेवला आणि म्हटलं, “काळजी करू नका. पाखऱ्याच्या सात पिढ्या माझ्या गळ्यात आहेत.”

हे वाक्य मला आजही रात्री आठवलं की मी उशी तोंडावर घेते.

पुढच्या आठवड्यात वीज गेली, आली, गेली, आली, आणि शेवटची आली ती अशी आली की कम्प्युटरमधून टिक-टिक आवाज येऊन तो गप्प झाला. डिस्क गेली. वर्ध्याहून दुरुस्तीवाला आला, नवी डिस्क घालून, लागणारे प्रोग्राम भरून, कोरा कम्प्युटर चालू करून गेला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते. मी अजिबात घाबरले नव्हते. खरं सांगते, मला आनंदच झाला होता. इतकी वर्षं नुसतं भरलं, आता ओतायची संधी आली. मी नवं लुगडं नेसून ऑफिसला गेले.

बाई सकाळपासून येऊन बसली होती. तिला म्हटलं, बस, चहा पी, आता पाहा गंमत.

काळा पडदा उघडला. पुन्हा भरायची आज्ञा लिहिली, उलटा बाण दिला. यंत्राने उत्तर दिलं की असा कुठला डेटाबेसच इथे नाही. मी चक्रावले. नाही म्हणजे काय, तोच तर भरायचा आहे. शेवटी इंजिनीयरला फोन करावा लागला. आमच्या ऑफिसात फोनला रेंज फक्त खिडकीत मिळायची, तीही फोन गजांबाहेर धरला तर. कम्प्युटर समोरच्या भिंतीशी. म्हणून फोन बाईकडे दिला. तो सांगेल ते ती मला सांगणार, मी म्हणेन ते ती त्याला. अशी आमची तिघांची साखळी.

“तो म्हणून राह्यला, आधी रिकामं भांडं तयार करा, मंग ओता,” बाई म्हणाली.

म्हणजे आधी त्या नावाचा कोरा डेटाबेस बनवायचा. बनवला. आणि आता माझी घाई झाली, कारण बाईसमोर एकदा फजिती झाली होती. ती आज्ञा पुन्हा लिहिली, पासवर्ड दिला, एंटर. पडदा शांत. रेघ सुद्धा खालच्या ओळीवर जाऊन थांबलेली. मी खुर्ची मागे सरकवली. “भरून राह्यलं,” मी म्हटलं. “गाई खूप आहेत, वेळ लागेल.”

आम्ही चहा प्यायलो. मी तिला डेटाबेस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती ऐकत होती, आणि मधून मधून पडद्याकडे पाहत होती. भरतच होतं. दुसरा चहा झाला. शेवटी खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवलेला फोन पुन्हा वाजला. बाईने ऐकून घेतलं आणि वळून म्हणाली, “तो विचारते, एवढा वेळ काऊन लागून राह्यला? म्हन्ते चूळ भरेपर्यंत व्हाले पाह्यजे. बाण कोनीकडं आहे म्हन्ते.”

मी पडद्याकडे पाहिलं. बाण फाइलीकडे होता.

रिकाम्या भांड्याकडून भरल्या बाटलीकडे. यंत्र माझ्या पुढच्या आज्ञेची वाट बघत बसलं होतं आणि मी यंत्राची. काम थांबवून फाइलींची यादी काढली. शेवटच्या बॅकअपपुढे शून्य. बाटली रिकामी झाली होती, आणि मी वर दोन कप चहा घेतला होता.

 माझं तोंडच बाईला पुरलं असावं. तिने फोनमध्ये हळूच सांगितलं, “बाईनं सांडवलं.”

त्याच्या आदल्या दिवशीचा एक बॅकअप होता. तो एकच. इंजिनीयरने बाईमार्फत निरोप दिला की आता हात लावायच्या आधी त्या फाइलीची एक नक्कल कम्प्युटरवर करा. केली. मग बाण लावा. लावला. मला मोठ्याने म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, टोक डेटाबेसकडे, शेपूट फाइलीकडे. बाईने ते शब्दशः पुढे पोचवलं. मारा एंटर, म्हणाला.

मारलं. लगेच उत्तर आलं. चूक, पहिल्याच ओळीत. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. इंग्रजी लांबलचक वाक्य, आणि त्यात अवतरणात माझा श्री.

आता माझी अक्कल पाहा. यंत्र बोट ठेवून दाखवत होतं की बाई, इथे अडलं. आणि मी तो श्री पाहून हात जोडले. मला वाटलं, देव दिसतो आहे म्हणजे फाइल शाबूत आहे, होईल काहीतरी. पुन्हा एंटर मारलं. असं मी किती वेळा केलं ते सांगत नाही.

बाई खिडकीतून माझ्याजवळ आली. फोन तसाच हातात, रेंज गेलेली. ती पडद्याकडे पाहत होती. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणाली, “बाई, मले खरं सांगजो. हरणी हाय का त्याच्यात, का नाई? नसन तर मी आत्ता घरी जातो. त्याले सोडून देतो रानात, पुढचं पुढं पाहू.”

तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं की हे काही माझ्या इज्जतीचं प्रकरण नाही. इतका वेळ मी फजिती होऊ नये म्हणून धडपडत होते. या बाईची अख्खी वेल त्या फाइलीत होती, आणि कार्डांमध्ये मी लोकांना फुटाणे खायला घातले होते.

मी फोन घेतला आणि स्वतः खिडकीत गेले. हात गजांबाहेर काढून, कान गजांवर दाबून, जे जसं आहे ते सांगितलं. मॅडमपणा बिलकुल नाही. इंजिनीयर म्हणाला, फाइल उघडा आणि पहिली ओळ वाचा. मी पळत जाऊन पाहून आले.

“श्री,” मी म्हटलं.

“काय?”

“श्री. वर श्री लिहिलेला आहे.”

  तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “काकू, त्या दोन बाणांचं तुम्ही हे केलं?”

मी म्हटलं हो. त्याने समजावून सांगितलं. त्या फाइलीत नुसता मजकूर नसतो, आज्ञा असतात. हा तक्ता बनव, ही गाय भर, ही भर. यंत्र वरपासून एकेक आज्ञा वाचत करत जातं. पहिलीच ओळ श्री. अशी आज्ञा त्याला माहीत नाही. ते तिथेच थांबतं. रोजचा एकूणएक बॅकअप असाच बंद दारासारखा होता; दोन वर्षांत एकदा उघडून पाहिला असता तर कळलं असतं. त्याने एवढंच सांगितलं, टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, ती ओळ खोडून टाका.

आणि बघा माझं. एवढं सगळं होऊन मी गजाला धरून म्हणते, “खोडू कसा? देवाचं नाव आहे.”

मागून बाई म्हणाली, “देवाले म्हना, जरा बाजूले हो.”

इंजिनीयरला ते ऐकू गेलं असावं, कारण तो हसला. त्या दिवसातला पहिला हसण्याचा आवाज. म्हणाला, ठीक आहे, खोडू नका. त्याच्या आधी दोन आडव्या रेघा काढा आणि एक जागा मोकळी सोडा. अशी ओळ यंत्र वाचतं आणि सोडून देतं. ती माणसांसाठी असते. देवही राहील, कामही होईल.

-- अशा त्या दोन रेघा. फोन बाईकडे देऊन मी काढल्या. फाइल जपून ठेवली. बाण तपासला, बाईलाही दाखवला, टोक कुठे ते तिने बोट लावून सांगितलं. एंटर.

पडद्यावर काही आलं नाही. नुसती पुन्हा लुकलुकणारी रेघ. मी कपाळावर हात मारणार तेवढ्यात बाईने खिडकीतून निरोप आणला की काही न बोलणं म्हणजेच झालं. चुकलं असतं तर ओरडलं असतं. असा स्वभाव मला माझ्या आसपास फक्त त्या बाईचा माहीत होता.

मग मी पाखऱ्याचा नंबर विचारला. ती कानातला बिल्ला पाठ करून आली होती. टाकला. पाखऱ्या आला. त्याच्या आईचा नंबर धरला, मैना आली. तिच्या आईचा धरला. ‘हरणी, शिंगं मागे वळलेली, स्वभाव शांत.’ मी मोठ्याने वाचलं. बाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी पण पडद्यावर काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या मैदानात जनावरं उभी राहिली. जेठ पाखऱ्याचा कासरा धरून, आणि लिंबाखाली तो बोलावलेला माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. पाखऱ्याला धुऊन काढलं होतं. तो इतका पांढरा दिसत होता की उन्हात त्याच्याकडे पाहवेना. डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले, पाय पाहिले, बाकीचंही पाहिलं. कागद मागितला. मी पुढे झाले. मी एरवी पाच मिनिटांचं भाषण केलं असतं, काळा पडदा, बाण, सगळं. पण तोंड उघडलं आणि नुसतं “हा घ्या” एवढंच आलं.

डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा पाखऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हा घेऊ. वळू म्हणून मालकाकडेच राहील, गावोगावच्या गाई तिथे येतील.

 जेठांना जोडी पाहिजे होती, आणि ते चूक नव्हतं. मग त्यांनी कासरा बाईच्या हातात दिला, लिंबाखाली गेले, त्या माणसाशी बोलले आणि त्याला गाडीभाडं देऊन वाटेला लावलं. तो माणूस पुढे कित्येक वर्षं मला बाजारात दिसला की म्हणायचा, बाई, तुमच्या कम्प्युटरनं माहा धंदा बसवला. एकदा मी त्याला विचारलं, अरे, एकाच गोऱ्ह्यानं? तर म्हणाला, गोष्ट पसरते ना.

मीही सुधारले, पण माझ्या पद्धतीने. महिन्यातून एकदा शाळेतल्या कम्प्युटरवर जाऊन बॅकअप परत भरून पाहायची. तिथल्या मास्तरांना विनंती करायला सुरुवातीला जीभ जड व्हायची. नंतर मी इतकी सवयीने जायला लागले की ते मला पाहिलं की उठून खुर्ची द्यायचे आणि निघून जायचे. भजनं पेनड्राइव्हवरून काढली नाहीत. दुसरा पेनड्राइव्ह घेतला.

पाखऱ्याचा मात्र रुबाब वाढला. जेठांनी बाहेरून एक बैल आणून जोडी लावली, आणि पाखऱ्याच्या गळ्यात घुंगरमाळ त्यांनीच बांधली, आणि गावात तो आपणच राखला असं सांगायला लागले. बाईने कधी दुरुस्त केलं नाही. वळू बांधून ठेवायचा नसतो म्हणून तो मोकळा हिंडायचा. एकदा हिंडत हिंडत थेट आष्टीला आला आणि ऑफिसच्या फाटकातून आत. कुंड्या होत्याच. माझी जास्वंद, माझा मोगरा, सगळं त्याने शांतपणे खाल्लं. स्वभाव आजीवर गेलेला.

मी आतून वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन धावले आणि त्याच्या पाठीवर हाणली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, चघळत. तेवढ्यात त्याच्या मागावर बाई धापा टाकत आली. मला वाटलं, माफी मागेल, कुंड्यांचं काही म्हणेल. ती माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली.

“मारू नोका बाई,” ती म्हणाली. “त्याले कागद हाय.”